परवानगी नसलेलं डोहाळजेवण

कुठल्याही कार्यक्रमाची जबाबदारी माझ्यावर सोपवू नये, असा आमच्या घरात एक अलिखित ठराव आहे. तो बायकोने मांडला, लेकीने अनुमोदन दिलं, आणि मीसुद्धा हात वर केला होता, कारण ठराव कशाबद्दल आहे ते मी ऐकलंच नव्हतं. तरीही यंदाच्या जानेवारीत लेकीच्या डोहाळजेवणाची जागा ठरवायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर ते आलं नाही, मी ओढून घेतलं.

सगळं सुरू झालं कतारमध्ये, अल वक्ऱ्याच्या आमच्या घरात, शुक्रवारी जेवताना. लेकीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, नाशिकहून नुकत्याच आल्या होत्या. लेकीला सातवा लागला होता. विहीणबाईंनी वरण वाढून घेता घेता निकाल देऊन टाकला.

"घरातल्या घरात ओटी भरू. बाहेरच्या बायका नकोत. फोटो नकोत. दार लावून घेऊ आणि पाच मिनिटांत उरकू."

त्या आयुष्यभर तहसील कचेरीत होत्या. त्यांनी 'उरकू' म्हटलं की विषय दप्तरी दाखल होतो.

"नाही," लेक म्हणाली. "बागेत करायचं. सगळ्यांसमोर. लोक येता-जाता बघतील असं."

आमची लेक इथेच वाढली. शाळा इंग्रजी, मैत्रिणी सगळ्या देशांच्या. लहानपणी आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असाच रिवाज होता. नाशिकचा नवरा केल्यावर ती मराठी बोलायला लागली. पण तिचं मराठी आमची भांडणं ऐकून झालेलं, त्यामुळे त्यात तिला गोड बोलता येत नाही. 'नाही' म्हणजे नाही. 'बघू या' हा शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तो तिच्या नवऱ्याकडे आहे. जावईबापू गॅस प्लांटवर इंजिनियर आहेत, आणि घरातल्या कुठल्याही वादात 'बघू' एवढंच म्हणतात. तेव्हाही म्हणाले.

"लोकांनी बघितलं की काय होतं, ठाऊक आहे ना?" विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

ठाऊक सगळ्यांनाच होतं, आणि म्हणूनच जेवण तिथे थांबलं. दोन वर्षांपूर्वी लेकीला दिवस राहिले होते. पाचवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. पाचवा लागला नाही. हॉस्पिटलमधून घरी आली, काही दिवस पडून राहिली आणि मग ऑफिसला गेली. तिथे लोकांनी विचारलं, सुट्टी कशी झाली? तिने 'छान झाली' म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार? ज्याची बातमी दिली नाही, त्याचं दुःख तरी कुणाला दाखवायचं? आम्ही चौघं-पाचजण सोडले तर ते बाळ होतं, हेच जगात कुणाला ठाऊक नाही.

"या वेळी मला लपवायचं नाही," लेक म्हणाली. "ते आहे तोपर्यंत सगळ्यांना माहीत पाहिजे. नंतर काय होईल ते होईल. पण ते आहे हे माहीत पाहिजे."

मग माझी बायको, जिला भरून आलं की विषय वळवायची खोड आहे, म्हणाली, "माझं नावेतलं झालं होतं. म्हणजे पलंगाला पुठ्ठ्याची नाव चिकटवली होती. मी बसले आणि पलंगाचा पाय मोडला."

"बुडालीस म्हण की," मी म्हटलं.

"विहीणबाई, तुमचं?" तिने विचारलं.

विहीणबाई आधी ताक प्यायल्या. "चांदण्यातलं," त्या म्हणाल्या. "गच्चीवर. अख्खी आळी आली होती." आणि मग आपण आपल्याच विरुद्ध साक्ष दिली हे लक्षात येऊन त्यांनी पुन्हा ताकाचं भांडं तोंडाला लावलं.

याच क्षणी मी तोंड उघडलं. "बाग ना? बाग माझ्याकडे आहे."

मी हमद पोर्टवर काम करतो. कुठला कंटेनर यार्डात कुठे ठेवायचा ते ठरवणं हे माझं काम. रोज कामावर जाताना वाटेत एक तपकिरी पाटी लागते. एका जुन्या व्यापारी घराण्याची वाडी आहे तिथे, गावाबाहेर. मोत्यांच्या धंद्यात पैसा मिळवलेली माणसं, थंडीत इथे येऊन राहायची. मधे कित्येक वर्षं घर पडून होतं. आता दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं केलंय आणि भोवती मोठी बाग केलीय: हिरवळ, दगडी पाट, मोगऱ्याचे मांडव, खजुराच्या रांगा. मी हे सगळं त्या दिवशी ताटावर बसून इतकं रंगवून सांगितलं, की बायकोने विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात?"

मी गेलो नव्हतो. पाटी वाचली होती. पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. माझी फॅमिली येणार आहे, बागेत बसायचं आहे, चालेल ना? पलीकडून आवाज आला, "मोस्ट वेलकम, सर." मी घरी येऊन जाहीर केलं, परवानगी मिळाली.

"लेखी?" विहीणबाईंनी विचारलं.

"तोंडी. पण खणखणीत."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ओळखतो. तहसील कचेरीच्या खिडकीतून ती बाहेर येते तेव्हा माणूस समजून जातो की आज सातबारा मिळत नाही.

तयारीत माझ्याकडे एकच काम दिलं गेलं. डोहाळजेवणात गर्भार बाईच्या हातात फुलांचं धनुष्य देतात, ते करायचं. ते पुठ्ठ्याचं करतात, हातभर असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मी प्लास्टिकचा पाइप आणला, वाकवला, नायलॉनच्या दोरीने असा ताणला की टंकार ऐकू यावा, आणि झेंडू बांधून दिवाणखान्यात उभा केला. तो लेकीपेक्षा वीतभर उंच झाला. जोडीला एक बाणही केला.

"तिला शिकारीला पाठवायचं आहे का?" बायकोने विचारलं.

बाकीचं सगळं तिने केलं. गुरुवारी विमानातून इंडियन दुकानात मोगरा येतो, तो आला तसा तिने उचलला आणि दोन्ही विहिणींनी बसून मुकुट, वाक्या, बाजूबंद, कंबरपट्टा गुंफला. विहीणबाई 'कशाला एवढं' म्हणत होत्या आणि गाठी मात्र त्यांच्याच सर्वांत नेटक्या येत होत्या.

शुक्रवारी दुपारी आम्ही पाचजण तिथे पोचलो. लेक हिरव्या साडीत. बायकोच्या एका पिशवीत फुलांचे दागिने, दुसरीत डबे. पुरी, खीर, पाच प्रकारचे भात. मी धनुष्य घेऊन पुढे. कारमध्ये ते मावत नव्हतं म्हणून सगळा रस्ता खिडकीतून अर्धं बाहेर होतं, आणि सिग्नलवर शेजारच्या गाडीतली मुलं आम्हाला हात करत होती.

दारावरच्या सुरक्षारक्षकाने धनुष्याकडे पाहिलं. "सर, हे काय आहे?"

"बो अँड ॲरो," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"डेकोरेशन म्हणा, डेकोरेशन," बायको मागून कुजबुजली.

"डेकोरेशन," मी म्हटलं.

दोन्ही उत्तरं चुकीची होती. शस्त्र म्हटल्यावर तो सावध झाला होता, डेकोरेशन म्हटल्यावर त्याने वॉकीटॉकी उचलला. आतून एक बाई आल्या. काळा अबाया, गळ्यात ओळखपत्र, शांत आवाज. तिथल्या व्यवस्थापक होत्या. त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं: घर बघा, बागेत फिरा, तुमचं स्वागत आहे. पण बागेत कुठलाही समारंभ करायचा तर आधी परवानगी काढावी लागते. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही.

चार डोकी एकदम माझ्याकडे वळली. माझी खणखणीत परवानगी त्या क्षणी इतकी बारीक झाली, की मला स्वतःलाही ती ऐकू येईना.

"मी फोन केला होता," मी म्हटलं.

"त्यांना डोहाळजेवण आहे असं सांगितलं होतं?" बायकोने विचारलं.

"फॅमिली आहे असं सांगितलं होतं."

"ते तर त्यांना दिसतंच आहे."

डबे परत गाडीत गेले. बाण दारावर ठेवून घेतला गेला, आणि धनुष्य आत न्यायला हरकत नाही असं ठरलं. का, ते मला आजही कळलेलं नाही. कदाचित बाणावाचून धनुष्य हे त्यांच्या नियमात बसत असावं.

विहीणबाईंचा चेहरा मात्र उजळला होता. "बघा. वरच्याच्याही मनात नाही. घरी जाऊ. दार लावून ओटी भरू."

"आधी घर बघू," लेक म्हणाली. "आलोय तर बघू."

घर बघण्यासारखं होतं, हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. जाड मातीच्या भिंती, आतून पांढऱ्या. मधे चौक. वारा खाली खेचणारा उंच मनोरा. एका खोलीच्या जमिनीला पन्हळी पाडलेल्या होत्या. तिथे खजुराच्या गोण्या एकावर एक रचायच्या, खालून पाक गळून पन्हळीतून रांजणात जायचा. ही खोली विहीणबाईंना एकदम पटली. त्यांनी खाली वाकून उतार किती आहे ते पाहिलं आणि म्हणाल्या, "डोकं आहे." कुणाच्या वास्तूबद्दल त्यांनी एवढं चांगलं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग बायकांच्या खोलीत आलो. गालिचा, पितळी पेटी, आणि मधोमध आढ्याला दोरीने टांगलेला लाकडी पाळणा. जुना, काळा पडलेला, कडांना कोरीव काम. आत एक घडी केलेलं फडकं होतं. बाकी काही नाही.

लेक दारात थांबली. आम्ही सगळे थांबलो. ती शांतता मला सहन झाली नाही. मला शांतता सहन होत नाही, हा माझा जन्मापासूनचा रोग आहे. मी पुढे झालो आणि म्हणालो, "हे लाकूड आपल्याकडचं असणार. सागवान. तेव्हा सगळं लाकूड आपल्याच किनाऱ्यावरून यायचं. ही कड बघा."

आणि कड दाखवायला बोट लावलं. दोरी जुनी, पाळणा हलका. तो झुलला. दोरीने एक लांब कुरकुर केली.

"व्याही. हात."

विहीणबाईंचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. रिकामा पाळणा हलवत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यातून घरात सात महिन्यांची पोटुशी. मलाही ठाऊक होतं. पण माझं ज्ञान नेहमी माझ्या हाताच्या मागून येतं. मी तो थांबवायला गेलो, घाईत चुकीच्या बाजूने धरला, आणि तो आणखी जोरात झुलला.

"सर, कृपया वस्तूंना हात लावू नका," दारातून व्यवस्थापकबाई म्हणाल्या. माझ्या हातातलं धनुष्य बघून त्या आमच्या मागेच राहिल्या असाव्यात. एकाच झोक्यात मी कतारचा आणि नाशिकचा, दोन्हीकडचा नियम मोडला होता. बायकोने माझ्या कोपराला असा चिमटा काढला की त्याची खूण आठवडाभर होती.

पाळणा हलतच होता. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. फक्त लेक बघत होती.

"सगळे गप्प का झालात?" तिने विचारलं.

विहीणबाई पुटपुटत होत्या. बहुधा देवाचं नाव.

"आई," लेक त्यांना म्हणाली. सासूला ती आई म्हणते, स्वतःच्या आईला मम्मी. "मागच्या वेळी कुणी पाळणा हलवला होता?"

विहीणबाईंनी पुटपुटणं थांबवून वर पाहिलं.

"पपई नाही खाल्ली. ग्रहणात घराबाहेर नाही गेले. तिन्हीसांजेला झोपले नाही. कुणाला सांगितलं नाही, ऑफिसमध्येसुद्धा नाही. तुम्ही आणि मम्मीने सांगितलेली एकही गोष्ट मी सोडली नाही. तरी." ती तिथेच उभी राहिली. पाळण्याचा झोका लहान होत गेला, दोरीची कुरकुर थांबली. "थांबला. झालं काही?"

जावईबापू पुढे आले आणि तिच्याजवळ उभे राहिले. 'बघू' म्हणाले नाहीत. मला ते त्या दिवशी फार बरं वाटलं.

"चला," लेक म्हणाली. "बाग."

बाग माझ्या वर्णनापेक्षा चांगली निघाली, ही माझ्या आयुष्यात क्वचित घडणारी गोष्ट. थंडीचे दिवस, ऊन कोवळं. दगडी पाटातून पाणी संथ वाहत होतं, दोन्ही बाजूंना आखून कापलेली हिरवळ, आणि पाटाच्या टोकाला मोगऱ्याचा मांडव, त्याखाली दगडी बाक. सुट्टीचा दिवस असल्याने माणसं बरीच होती. लेक त्या बाकावर जाऊन बसली आणि तिने आईपुढे हात केला.

"मम्मी, दे."

"काय देऊ?"

"फुलं. तुझ्या पिशवीत आहेत ती."

बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा विहिणीकडे, आणि मग कुणाकडेच न बघता तिने मुकुट काढला. वाक्या घातल्या, बाजूबंद बांधले, कंबरपट्टा मात्र पोटावरून पुरेना म्हणून तो गळ्यात घातला. मी धनुष्य बाकाला टेकवून ठेवलं. आजूबाजूचे लोक बघायला लागले. हिरवी साडी, पांढरी फुलं, मागे मोगरा. आमच्या लेकीला मी इतकी ताठ बसलेली क्वचित पाहिलीय. पोट पुढे, मान वर.

व्यवस्थापकबाई आल्याच. या वेळी त्यांच्या आवाजात थोडा थकवा होता. मी आधीच सांगितलं होतं, समारंभ करता येणार नाही. कृपया ही सजावट काढा.

मी माझ्या ठरलेल्या कामाला लागलो. माफी मागण्यात मी तरबेज आहे. "सॉरी, मॅडम, व्हेरी सॉरी. खलास. आम्ही निघतोच. काढ गं ती फुलं."

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या.

मला वाटलं, ओटी घरी भरायची असेल म्हणून त्या मला पाठिंबा देताहेत. मी आणखी जोरात मान हलवली. त्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि व्यवस्थापकबाईंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. डोक्याने त्यांच्या खांद्याइतक्या.

"कौनसा सजावट?" त्यांनी विचारलं. त्यांचं हिंदी हे मराठीच असतं, फक्त अंगरखा वेगळा. "ये फूल उसने पहेना है। किधर लगाया नहीं। व्याही, सांगा त्यांना इंग्लिशमधी."

मी सांगितलं.

"आता विचारा, फुलं घातलेल्या बाईला आत यायला बंदी आहे का?"

व्यवस्थापकबाई म्हणाल्या, अर्थात नाही, कपड्यांना काही हरकत नाही.

"बाकावर बसायला?"

"बसायला हरकत नाही."

"सगळ्यांनी मिळून?"

"तुमचं कुटुंब आहे. बसा."

"इथलंच विकत घेऊन खाल्लं तर?"

"तिकडे कॅफे आहे."

"मी माझ्या सुनेच्या पदरात काही घातलं तर?"

हे भाषांतर करताना मी अडखळलो. शेवटी म्हटलं, सासूबाई सुनेला भेट देऊ इच्छितात. भेट द्यायला हरकत नाही, असं उत्तर आलं.

"आता विचारा," विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे समारंभ कशाला म्हणतात?"

व्यवस्थापकबाईंनी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. त्यांनाही हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. मग म्हणाल्या, खुर्च्या मांडल्या, टेबल, स्टेज, स्पीकर लावला की तो समारंभ.

मी सांगितलं. विहीणबाईंनी पदर खोचला. "आपल्याकडे यातलं काहीच नाही. मग आपला समारंभ नाहीच. त्यांना सांगा, तुमचा नियम मोडणार नाही. शब्द देते." आणि मग जाता जाता, "गाणं म्हटलं तर?"

"स्पीकर नको," व्यवस्थापकबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण त्या गेल्या नाहीत. मांडवाच्या कडेला उभ्या राहिल्या, आम्ही खुर्च्या मांडतो की काय ते बघत.

"स्पीकर कशाला पाहिजे," विहीणबाई म्हणाल्या, "मी आहे ना."

माझ्याच्याने राहवेना. "विहीणबाई, तुम्हीच तर नको म्हणत होतात."

"मी नको म्हणेन. माझी सून आहे." त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "पण ल्यालेली फुलं मधेच काढ म्हणायचं नाही तिला. तुम्ही तर अजिबात नाही." मग आवाज खाली आणून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मागच्या वेळेला मी दुपटी शिवली होती, व्याही. नऊवारीची, मऊ झालेली. कुणाला दाखवली नाहीत. आणि मग ट्रंकेच्या तळाशी घातली, तीही कुणाला न दाखवता. एकदा लपवलं. पुरे झालं."

पर्समधून नारळ निघाला. सोललेला, शेंडीसकट. बॅग तपासणाऱ्याने तो कसा सोडला हे मी विचारलं नाही. त्यामागोमाग रुमालात बांधलेले तांदूळ, खण, हळदकुंकवाची डबी. म्हणजे बाई घरी जाऊ, घरी जाऊ म्हणत होत्या, तेव्हा ओटीचं सगळं सामान काखेत घेऊन फिरत होत्या.

जावईबापूंनी कॅफेतून चहाचे कप आणि पाकातली गोळाभजी आणली. त्यांना इथे लुगैमात म्हणतात. सणसणीत गोड. डोहाळजेवणाची पंगत त्यावर झाली. दोन्ही विहिणींनी ओटी भरली, एकीनंतर एक, आणि तांदळाचा एक दाणा हिरवळीवर पडला तर विहीणबाईंनी तो उचलून परत पदरात टाकला. कचरा केला असं कुणी म्हणायला नको.

मग त्या गायल्या. खड्या आवाजात, लाज न बाळगता. अख्ख्या आळीने ऐकलेला आवाज असणार तो. तोवर चांगली गर्दी जमली होती. फिलिपिनो बायका, केरळच्या नर्सेसचा एक घोळका, लांबून बघणारं एक अरब कुटुंब. एकीने लेकीला विचारलं, फोटो काढू का? लेक म्हणाली, काढा. दुसरीने विचारलं, काय आहे हे? लेकीने सांगितलं, मला बाळ होणार आहे, आमच्याकडे असं करतात. हे वाक्य तिने त्या दुपारी किती वेळा म्हटलं असेल. दर वेळी तितक्याच मोठ्याने. विहीणबाई एका हाताने तिच्यावरून बोटं मोडून दृष्ट काढत होत्या आणि दुसऱ्या हाताने फोटोवाल्यांना खुणा करत होत्या, इकडून घ्या, इकडून मुकुट नीट दिसतो.

मीही फोटो घ्यायला सरसावलो. धनुष्यासकट सगळी चौकटीत बसेनात म्हणून एकेक पाऊल मागे सरत गेलो आणि बुटासकट पाटात उतरलो. व्यवस्थापकबाई फक्त "सर" एवढंच म्हणाल्या. त्या एका शब्दात सगळं होतं.

निघताना त्यांनी लेकीला विचारलं, कधी? लेकीने महिना सांगितला. त्या म्हणाल्या, इन्शाल्ला. विहीणबाईंना तो शब्द एव्हाना कळत होता. त्यांनी मान डोलावली आणि बाण परत मागून घेतला.

हे मी आता लिहितोय तेव्हा लेकीला नववा लागलेला आहे. विहीणबाईंचं म्हणणं, हे छापायला एवढ्यात देऊ नका, बाळ हातात येऊ दे, मग काय लिहायचं ते लिहा. बायको दोन्हीकडून बोलते. लेकीने कुशीवर झोपून सगळं वाचलं, माझी मराठी लिपी तिला सावकाश लागते. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाबा, आत्ता दे. नंतर नको." आणि व्यवस्थापकबाईंना मी जरा जास्त कडक केलंय, ते नीट कर म्हणाली. केलं.

पोर्टवर मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. क्रेनवाल्यांना, गेटवाल्यांना, कँटीनमध्ये. बायको म्हणते, तुम्ही जहाजांनाही सांगाल. परवा यार्डात एका सहकाऱ्याने लांबूनच ओरडून विचारलं, काय, नातवंड आलं का?

म्हटलं, आहे. बाहेर यायचंय अजून, पण आहे.